आतल्या खिशातली सुवार्ता

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. लाँड्रीच्या काउंटरमागे मी उभी असले की 'बटण तुमच्याकडेच तुटलं' म्हणायला आलेलं गिऱ्हाईक आधी दोनदा विचार करतं आणि मग हवापाण्याच्या गप्पा मारून परत जातं. साबणवाला, मशीन दुरुस्त करणारा, समोरचा फुलवाला, सगळे माझ्याशी जपून बोलतात. आणि अशा ह्या बाईला परक्या माणसापुढे देवाबद्दल चार शब्द बोल म्हटलं, की तोंडात मिठाची गुळणी. भांडायला दहा तोंडं आणि सुवार्ता सांगायला एकही नाही, असं माझं आहे.

हे मला फारसं कधी खटकलं नव्हतं. बावीस वर्षं मी चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख आहे, दर रविवारी पहिल्या रांगेत उभी राहून गाते, तेवढं पुरे असं मी धरून चालले होते. पण गेल्या वर्षी आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. वय बत्तीस, अंगाने किडकिडीत, उत्साह मात्र तिघांचा. एका रविवारी उपदेश संपवून त्यांनी जाहीर केलं की हा महिना साक्षीचा. सुवार्ता सांगणं हे एकट्या पाळकाचं काम नाही. जो जिथे काम करतो तिथेच देवाने त्याला पाठवलेलं आहे, मग तो सुतार असो, नर्स असो की लाँड्रीवाली असो. लाँड्रीवाली म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. दारात प्रत्येकाच्या हाती पन्नास पत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि एक कोरी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एका माणसाचं नाव लिहून ती पेटीत टाकायची, त्याच्यासाठी महिनाभर प्रार्थना करायची आणि शेवटच्या रविवारी त्याला सोबत घेऊन यायचं.

मी चिठ्ठीवर 'वन्सं' असं लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि टराटरा फाडली. दुसरी मागून घेतली आणि तिच्यावर लिहिलं, 'एक ओळखीचे गृहस्थ'.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्याजवळच राहतात, आणि लाँड्री खरं तर त्यांच्याच जिवावर चालते. मी काउंटर सांभाळते, आमचे हे व्हॅनमधून कपडे पोचवतात, आणि मशीन, डाग, इस्त्री हे सगळं वन्संचं. शाईचा डाग कोणता आणि औषधाचा कोणता, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात. दुपारी दोन टेबलं समोरासमोर लावून आम्ही दोघी इस्त्रीला उभ्या राहतो. दिवसाचे तीन-चार तास एकमेकींच्या तोंडाकडे पाहत काढतो, जगातल्या सगळ्यांची उणीदुणी काढून होतात, आणि तरी एका विषयावर चार वर्षांत आम्ही चकार शब्द काढलेला नाही.

चार वर्षांपूर्वी वन्संसुद्धा गायनमंडळात होत्या. आवाज खणखणीत, सुराशी मात्र उभं वैर. चर्चला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठी उपासना ठरली होती, बाहेरचे पाहुणे येणार होते, शेवटची तालीम चालू होती आणि मी घायकुतीला आले होते. बारा जणांसमोर मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज काढू नका." कुणीतरी फिसकन हसलं. उपासनेच्या दिवशी वन्सं खरोखरच नुसते ओठ हलवत उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. लोक विचारू लागले तेव्हा मी सांगून टाकलं की त्यांचे गुडघे दुखतात, बाकावर बसवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. एकदा सांगितलं की निभवावं लागतं, म्हणून गेली चार वर्षं दर रविवारी मी वन्संच्या गुडघ्यांची खबर देत आले आहे. थंडीत जास्त, उन्हाळ्यात जरा कमी.

माफी मागायचं मनात नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यात मला माझंच बरोबर वाटत होतं, दुसऱ्या महिन्यात लाज वाटू लागली, आणि वर्ष उलटल्यावर विषय काढायचा कुठून हेच सुचेना. त्यांनी यावं आणि बाकावर माझ्या शेजारी बसावं, ह्याशिवाय मला दुसरं काही नको होतं. पण ते त्यांना सांगायचं म्हणजे आधी ते एक वाक्य पुन्हा उच्चारावं लागणार होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

तर पन्नास पत्रकं. वर ठळक अक्षरांत 'कोणीतरी तुमची वाट पाहत आहे', खाली चार ओळी, तळाला चर्चचा पत्ता आणि उपासनेची वेळ. सोमवारी वकीलसाहेब कोट न्यायला आले. मी पत्रक हातात घेतलं, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते असं की पुढच्या वेळी कॉलर एवढी मळवू नका. मंगळवारी शाळेतल्या बाई आल्या. त्यांना मी धीर करून विचारलं की तुम्हाला शांती हवी आहे का. त्या म्हणाल्या, आत्ता नको हो, मी घाईत आहे, आणि पडद्यांचा गठ्ठा उचलून गेल्यासुद्धा.

बुधवारी मला युक्ती सुचली. शर्टाला खिसा असतो. पँटला असतात, कोटाला असतात. इस्त्री झाली, घडी झाली, की हळूच एक पत्रक खिशात सरकवायचं आणि वरून कव्हर चढवायचं. सुवार्ता घरपोच जाणार, तीही स्वच्छ धुतलेली, आणि मला तोंडही उघडावं लागणार नाही. ही युक्ती दोन हजार वर्षांत कुणाला कशी सुचली नाही, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं. वन्संना मी ताकास तूर लागू दिली नाही. त्या मागे मशीनपाशी गेल्या की माझे हात चालू व्हायचे.

दोन आठवड्यांत सव्वीस पत्रकं गेली. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा मी आकडा सांगितला आणि त्यांनी तो सगळ्या मंडळीसमोर वाचून दाखवला. सव्वीस हा आकडा दुसऱ्या कुणाचाच नव्हता. सुतार तीनवर अडकला होता. मी मान खाली घालून नम्र दिसायचा प्रयत्न केला आणि मनातून नाकाने कांदे सोलत बसले. उपासना संपल्यावर पाळकसाहेब जवळ आले आणि म्हणाले की परवा नणंदबाईंना कपड्यांचं गाठोडं खांद्यावर टाकून दोन जिने चढताना पाहिलं, तर गुडघ्यांना उतार पडला वाटतं. नसेल तर ते घरी येऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करतील. माझी पाचावर धारण बसली. मी घाईघाईने सांगितलं की ते गुडघे चढताना दुखत नाहीत, फक्त बसताना दुखतात. पाळकसाहेबांनी हे नवीनच ऐकल्यासारखी मान हलवली.

उरलेल्या चोवीस पत्रकांना जागा आपोआप चालून आली. नदीपलीकडच्या मोठ्या हॉटेलातल्या वेटरांचे काळे कोट आमच्याकडे येतात, तेही नेमके चोवीस. ह्या कोटांना आत डाव्या बाजूला एक खिसा आहे, पण तो नुसता नावाला. वेटरने कोटाच्या आत हात घालू नये, असा तिथल्या मुख्य वेटरचा नियम. ह्या मुख्य वेटरला सगळे कॅप्टन म्हणतात. पिकल्या मिशा, ताठ पाठ, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागतं. बाहेरच्या खिशात पत्रक ठेवलं तर ते कॅप्टनच्या हाती पडणार, आणि मग कॅप्टनशी बोलावं लागणार. म्हणून मी सोमवारी चोवीसच्या चोवीस पत्रकं आतल्या खिशांत घातली आणि पाठवून दिली. कधीतरी कुणाचा तरी हात जाईल, देवाची वेळ वेगळी असते, असा विचार केला.

हात कुणाचाच गेला नाही. चोवीस कोटांचा अख्खा गठ्ठा शुक्रवारी संध्याकाळी पत्रकांसकट परत आला. शनिवारी रात्रीच्या जेवणाला तिथे दोनशे माणसं येणार होती, साडेपाचला कोट पोचायला हवे होते.

आता आमच्याकडचा नियम सांगते. कुठलाही कपडा मशीनमध्ये जाण्याआधी वन्सं त्याचे खिसे झाडतात. सापडेल ते काउंटरखालच्या बरणीत. पेनं, किल्ल्या, तिकिटं, एकदा तर कुणाचा तरी कवळीचा दात निघाला आणि तो न्यायला अजून कुणी आलेलं नाही. पण ह्या कोटांचा आतला खिसा वन्सं कधीच पाहत नाहीत, कारण दहा वर्षांत त्यात काही निघालेलंच नाही. मला हे माहीत होतं. तो खिसा मी त्याच कारणासाठी निवडला होता. कपडा फिरून आपल्याकडेच धुवायला येतो, एवढी साधी गोष्ट, जिच्यावर आमचं पोट चालतं, ती मात्र माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

शनिवारी दहाच्या सुमारास मागून वन्संची हाक आली. मी गेले. मशीनचं दार उघडं होतं आणि वन्संनी एक कोट दोन्ही हातांनी वर धरला होता. काळ्या कापडावर पांढरा कापूस पिंजून टाकावा तसा कागदाचा लगदा. आत, बाहेर, काखेत, कॉलरखाली. दुसरा काढला, तोही तसाच. चोवीस कोट, चोवीस पत्रकं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

वन्संनी एका बाहीवरचा कागदाचा तुकडा नखाने उचलला. नेमका वरचा ठळक भाग तेवढा शाबूत राहिला होता. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळ्यांत घातलीस?"

मी मान डोलावली. त्या म्हणाल्या की शर्टांतली त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहेत, धुवायला परत आलेल्या खिशांतून एकोणीस निघाली आणि ती त्यांनी ड्रॉवरमध्ये नीट ठेवली आहेत. कोटांना तरी मी सोडीन असं त्यांना वाटलं होतं. एवढं बोलून त्या खदखदून हसायला लागल्या. मला रडू येत होतं आणि ह्या बाई मशीनला टेकून डोळे पुसत होत्या. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि त्याच्यावर हसणारं माणूस घरचंच.

ओल्या कपड्यावरचा लगदा ओढला तर आणखी पसरतो. म्हणून आधी कोट वाळवले, मग खाली फरशीवर चादर अंथरली, कारण चोवीस कोट मावतील एवढं टेबल आमच्याकडे नाही. एकीकडे ब्रश, एकीकडे चिकटपट्टी. हाताला पट्टी उलटी गुंडाळायची, कोटावर थापायची, उचलायची, टाकायची, नवी गुंडाळायची. वन्सं सरळ गुडघे टेकून बसल्या आणि कामाला लागल्या. एका कोटाला पाऊण तास लागला. मी मनात गुणाकार केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला.

बाराला कॅप्टन आला. एरवी तो येत नाही, पण दोनशे माणसांचं जेवण म्हणून एक कोट आधी डोळ्यांखालून घालावा असं त्याला वाटलं होतं. मागच्या खोलीच्या दारात तो उभा राहिला आणि चादरीवर पसरलेले आपले कोट पाहिले. मला वाटलं, आता हा हळू आवाजात असं काही बोलेल की पुन्हा ह्या दारात हॉटेलचा कपडा येणार नाही. त्याने अंगातलं जाकीट काढलं, खुंटीला लावलं, बाह्या दुमडल्या आणि विचारलं की ब्रश आणखी आहे का. रिकाम्या हातांनी परत जाऊन तिथे नुसतं घड्याळ बघण्यापेक्षा इथे बसलेलं बरं, असं त्याचं म्हणणं पडलं. कोट ब्रशने साफ करायची त्याला सवय होती, माणसाचा हात लगेच कळतो. तिघांचे हात चालू झाले तशी कोटांची रास दिसण्याइतकी कमी होऊ लागली.

थोड्या वेळाने एका कॉलरखालून त्यालाही तसाच एक शाबूत तुकडा मिळाला. त्याने तो हातभर लांब धरून वाचला.

"कोणीतरी तुमची वाट पाहत आहे," तो म्हणाला. "कोण?"

महिनाभर ज्या प्रश्नाची मी स्वप्नं पाहिली तो प्रश्न कुणीतरी आपणहून विचारला होता. मी पत्रकावरच्या चारही ओळी एका दमात म्हणून दाखवल्या. कॅप्टनने ऐकून घेतलं. एखादं गिऱ्हाईक जेवणाबद्दल तक्रार करताना तो जशी मान हलवत असेल, तशी मान हलवली. मग तो वन्संकडे वळला आणि सहज विचारलं की त्याही ह्याच चर्चला जातात का.

"जात होते," वन्सं म्हणाल्या.

"मग सोडलं का?"

वन्संनी पट्टीचा नवा तुकडा फाडला, हाताला गुंडाळला. "गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या.

तास-दीड तास त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. कॅप्टनने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि ब्रश पुन्हा कोटावर फिरवला. माझा हात मात्र जिथल्या तिथे थांबला. ती थाप माझी होती. ती मी त्यांच्या माघारी चार वर्षं लोकांना मारत आले होते, आणि त्यांना ती ठाऊक होती, किती दिवसांपासून कोण जाणे. एका परक्या माणसासमोर मला सांभाळून घ्यायला त्यांनी ती अंगावर घेतली होती. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती, आणि त्यांचं इतकं प्रेमही कधी वाटलं नव्हतं.

"त्यांचे गुडघे दुखत नाहीत," मी कॅप्टनला म्हटलं. "त्या माझ्यामुळे येत नाहीत. मी बारा माणसांसमोर त्यांना म्हटलं होतं की तुम्ही गाऊ नका, नुसते ओठ हलवा. आणि नंतर त्या का येत नाहीत म्हणून कुणी विचारलं की मी गुडघ्यांचं सांगत आले." मग मी वन्संकडे वळले, कारण कॅप्टनला सांगून भागणार नव्हतं. "माझं चुकलं, वन्सं. तेव्हाही चुकलं आणि त्यानंतर रोज चुकलं. मला माफ करा."

वन्सं बराच वेळ त्याच एका बाहीवर पट्टी थापत राहिल्या.

"पन्नास अनोळखी माणसांच्या खिशात चिठ्ठ्या घातल्यास तू," शेवटी त्या म्हणाल्या. "माझ्या ॲप्रनला दोन खिसे आहेत गं."

त्यावर मी जे रडले ते आवाज काढून रडले. कॅप्टनने पाठ आमच्याकडे केली आणि एका कोटाच्या मागच्या शिवणीत काहीतरी फार बारीक शोधायला लागला. शेजारच्या टेबलावर कुणी रडत असेल तर कुठे बघायचं हे त्या लोकांना शिकवावं लागत नाही. वन्संनी माझ्या हातातला कोट काढून घेतला आणि सांगितलं की रडायचं तर रड, पण कोटावर नको, पुन्हा वाळवायला वेळ नाही. मी ॲप्रनने तोंड पुसलं. ॲप्रनलाही लगदा लागलेला होता, तो आता माझ्या नाकाला लागला.

चारला आमचे हे आले, खोलीतला प्रकार पाहिला, काहीही न विचारता इस्त्री तापवली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माणसाने एवढं शिकायलाच हवं. सव्वापाचला चोवीसावा कोट हँगरवर गेला. कॅप्टनने जाकीट घातलं, मिशा साफ केल्या आणि जाताना दारात थांबून वन्संना विचारलं की उद्याची वेळ काय आहे. दहा वाजता, असं वन्संनी सांगितलं. तो म्हणाला की सकाळची न्याहारी आटोपली तर तो डोकावून जाईल, निदान त्या येतात की नाहीत ते बघायला. मला त्याने काहीच विचारलं नाही. माझं तोंड सुजलेलं होतं, त्यामुळे ते बरंच झालं.

आता कुणालाही वाटेल की रविवारी सकाळी मी सगळ्यांत आधी उठून तयार झाले असेन. सुंभ जळतो पण पीळ जात नाही. शेवटचा रविवार, पाहुण्यांचा दिवस, आणि मी पांघरुणात. कॅप्टनसमोर बोलून झालं होतं, वन्संसमोर बोलून झालं होतं, पण गायनमंडळातले बारा जण अजून बाकी होते. ज्यांनी ते वाक्य ऐकलं होतं आणि ज्यांना मी चार वर्षं गुडघे विकले होते, त्यांच्यापुढे पहिल्या रांगेत उभं राहून तोंड उघडायचं कसं? आमचे हे दोनदा दारातून डोकावून गेले. तिसऱ्यांदा मी सांगितलं की डोकं दुखतंय, तुम्ही जा.

व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला. मग वन्सं आत आल्या. त्यांनी राखून ठेवलेले निळे कपडे घातले होते, केस बांधले होते, अंगाला साबणाचा वास येत होता.

"ऊठ," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्या म्हणाल्या की काल गुडघे, आज डोकं, ह्या घरात दुखण्यांची काही कमी नाही. मग मी खरं सांगितलं. तिथे सगळ्यांसमोर उभं राहायची मला लाज वाटते, असं सांगितलं.

"मग उभी राहू नकोस," वन्सं म्हणाल्या. "माझ्याजवळ बस. एकटीने इतक्या दिवसांनी आत जायला मलाही जड जातंय."

ह्यापुढे पांघरुणात राहणं शक्य नव्हतं. त्यांनी माझे कपडे काढून ठेवले, त्यांना एक इस्त्री फिरवली, मी तोंड धुतलं, आणि आम्ही दोघी चालत निघालो. व्हॅन गेली होती. रस्ता वीस मिनिटांचा, त्यात आम्ही समोरच्या फुलवाल्याच्या जावयाची निंदा केली आणि साबणवाल्याच्या मुलीचं शिक्षण कुठवर आलं ते बोललो. चर्चची पायरी आली तसा वन्संनी माझा दंड धरला. त्यांचा हात थंड होता. माझा काही वेगळा नव्हता.

पहिलं गीत सुरू झालं होतं. गायनमंडळात माझी जागा रिकामी होती आणि ते माझ्याशिवाय बऱ्यापैकी गात होते, हे मी नोंदवून ठेवलं. आम्ही मधल्या बाकावर बसलो. वन्संनी दुसऱ्या कडव्याला आवाज लावला. चार वर्षांत सुरात काही फरक पडला नव्हता. पुढच्या दोन रांगांतली डोकी वळली. मी त्यांच्याइतकाच मोठा आवाज लावला. दोघींचे सूर जमले असं काही मी म्हणणार नाही, पण एकीचा ऐकू आला आणि दुसरीचा नाही असंही झालं नाही.

उपदेश झाल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं की ज्यांनी कुणाला आणलं असेल त्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी. सुताराने आपल्या मेव्हण्याला आणलं होतं. नर्सने एका म्हाताऱ्या जोडप्याला. मग अगदी मागच्या बाकावरून, दाराजवळून, एक हळू आवाज आला आणि सगळे आपोआप गप्प झाले. कॅप्टनने सांगितलं की तो हॉटेलात काम करतो, त्याला अकराला परत जायचं आहे, आणि तो त्या निळ्या कपड्यांतल्या बाईंचा पाहुणा आहे.

सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. गायनमंडळातल्या बारा जणांनीही पाहिलं. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला, ते म्हणाले की ह्या बाई स्वतःच इतक्या दिवसांनी आल्या आणि येताना पाहुणाही घेऊन आल्या, तर त्यांनी दोन शब्द बोलावेत.

वन्सं उठल्या. बोलायची त्यांना कधीच सवय नव्हती. त्यांनी समोरच्या बाकाची पाठ धरली आणि म्हणाल्या, "आणखी एक पाहुणी आहे. ही माझ्या धाकट्या भावाची बायको. येत नव्हती. मी हिला घेऊन आले."

लोक हसले. पाळकसाहेबही हसले आणि म्हणाले, ह्यांना तर आम्ही चांगलं ओळखतो. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी माझा दंड सोडलेला नव्हता, त्या मला वर ओढत होत्या. मी उभी राहिले. बावीस वर्षं मी त्या चर्चमध्ये लोकांकडे तोंड करून उभी राहिले होते, पण पाहुण्यांच्या बाकातून सगळ्यांनी वळून आपल्याकडे पाहिलं की कसं वाटतं, ते मला आज कळलं.

पाळकसाहेबांनी नव्या माणसाला विचारतात ते हसत हसत विचारलं, "काय म्हणता, पहिल्यांदाच आलात का?"

"हो," मी म्हटलं, आणि मग बारा जणांकडे बघून सगळं सांगितलं.